सगळ्यांत मागे चालणारा फोरमन

माझे मोठे मामा छापखान्यात बाइंडिंग खात्याचे फोरमन होते. छापील कागद दुमडून त्याचे फर्मे करणारी घडीची यंत्रं, शिलाईची यंत्रं, कागद कापायचं ते अवाढव्य पातं, सगळं एकाच हॉलमध्ये चालू असायचं. त्या खडखडाटात माणसाला माणसाचं ऐकू जायचं नाही, पण मामांचं जायचं. हॉलच्या एका टोकाला उभं राहून ते "फर्मा उलटा लागलाय!" असं ओरडले की दुसऱ्या टोकाचा माणूस हातातलं पुस्तक आपोआप सुलटं करायचा, मग ते आधी सुलटं असलं तरी.

हा आवाज संध्याकाळी छापखान्यात ठेवून यायची सोय नव्हती, म्हणून तो घरीही यायचा. आम्ही त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायचो. मामांनी मीठ मागितलं की आमची आई नकळत मिठाच्या बरणीकडे हात न्यायची. मामी म्हणायच्या, "आमच्या घरात देव एक आणि फोरमन एक. देव निदान हळू बोलतो."

आवाजासारखीच त्यांची चाल. कुठं जायचं ठरलं की मामा पुढे आणि आम्ही सगळे मागे, धापा टाकत. आम्ही जिन्याचं दार लावत असायचो तोवर ते कोपऱ्यावर उभे राहून घड्याळ बघत असायचे. "तुमच्यामुळे उशीर होतो," हे वाक्य आम्ही लहानपणापासून त्यांच्या पाठीकडूनच ऐकलं. तोंड कधी आमच्याकडे नसायचंच.

असा माणूस आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, मुख्य वडील झाला. मंडळीचा कारभार बघायला जी ज्येष्ठ माणसं निवडली जातात त्यांना आमच्यात वडील म्हणतात. माझ्या मुलीनं लहानपणी विचारलं होतं, "आजोबा मुख्य वडील, मग बाकीच्यांचे बाबा दुय्यम का?" मामा निवडून आले त्या वर्षी आमचे पाळक, म्हणजे पाद्री, बदली होऊन गेले होते, नवे कधी येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मंडळी म्हणजे सुटलेल्या दोऱ्याच्या पुस्तकासारखी झाली होती. मामांनी ती शिवायला घेतली.

खोटं कशाला बोलू, कामं झाली. छप्पर गळायचं थांबलं. उपासना नऊला म्हणजे नऊलाच सुरू व्हायला लागली, कारण नऊची घंटा झाली की मामा स्वतः जाऊन दार लावून घ्यायचे. "देवाला ताटकळत ठेवायचं नाही," हा त्यांचा नियम. कुणी एखादं काम करायला वेळ लावला की मामा म्हणायचे, "द्या इकडे, मी करतो." आणि करायचेही. गाण्यांचे क्रमांक फळ्यावर लिहिणं, आजारी माणसांच्या भेटी, फुलं, खुर्च्या, लहान मुलांच्या रविवारच्या वर्गाचं वेळापत्रक, हळूहळू सगळं त्यांच्याकडे आलं. तो वर्ग एक नर्सबाई घ्यायच्या. हॉस्पिटलातली रात्रपाळी करून त्या थेट वर्गावर यायच्या. मामांनी त्यांना न विचारता वर्गाची वेळ अर्ध्या तासानं अलीकडे आणली. नर्सबाईंनी कपाटाच्या किल्ल्या मामांच्या हातात ठेवल्या आणि दुसऱ्या रविवारपासून मागच्या बाकावर बसायला लागल्या.

"लोकांना सेवा नको असते, नुसतं बसायला हवं असतं," मामा घरी येऊन म्हणायचे. दर महिन्याला बाकं थोडी थोडी रिकामी होत होती, पण मामा पुढे उभे असायचे ते घड्याळाकडे तोंड करून.

मग एक दिवस आवाजच बसला. आधी वाटलं सर्दी असेल. नंतर तो चिरका यायला लागला, मग मधेच गायब व्हायला लागला. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, भिण्याचं कारण नाही, वर्षानुवर्षं ओरडल्यानं होते. छोटी शस्त्रक्रिया झाली. ती सोपी होती. अवघड होतं ते पुढचं.

"आता काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजल्यानं घशाला जास्त ताण पडतो."

मामांनी मामींकडे बघितलं. मामी छताकडे बघत होत्या. मला वाटतं, त्या आभार मानत होत्या.

घरी माझ्या मुलीनं तिची जादूची पाटी आजोबांना दिली. लिहायचं, आणि वरचा कागद उचलला की अक्षरं गुल. मामा दिवसभर त्या पाटीवर हुकूम लिहायचे आणि मामींसमोर धरायचे. मामी चष्मा शोधायच्या. चष्मा सापडेपर्यंत काम तरी होऊन गेलेलं असायचं, नाहीतर मामा वैतागून कागद उचलून टाकायचे. छापखान्यातून रजा होती, बोलायला बंदी होती, आणि घरात बसलेला मुका फोरमन म्हणजे झाकण घट्ट बसलेला कुकर. चार दिवसांत मामी आमच्याकडे खाली आल्या.

"ह्यांना कुठंतरी न्या," त्या आईला म्हणाल्या. "जिथं कुणीच बोलत नाही अशा ठिकाणी. नाहीतर मी बोलायला लागेन, आणि मी एकदा सुरू झाले तर थांबणार नाही."

आमच्या समोरच्या इमारतीत एक बाई राहायच्या. जन्मभर टेलिफोन खात्यात जोडणी करून देण्याचं काम केलेल्या, म्हणून सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी पहाटे त्या पाच-सात जणांना घेऊन जुन्या पाणीपुरवठ्याच्या तलावावर पक्षी बघायला जायच्या. तिथला पहिला नियम म्हणजे तोंड बंद. मामींच्या डोक्यात उजेड पडला. आणि मामा एकटे गेले तर खाणाखुणांनीही भांडण काढतील म्हणून मला सोबत धाडलं.

पहिल्या शनिवारी जे व्हायचं तेच झालं. तलावाच्या बांधावरून एकेरी पायवाट होती, एका बाजूला पाणी आणि उंच गवत, दुसऱ्या बाजूला बाभळीसारखी काटेरी झुडपं. मामा निघाले ते सुसाट. गळ्यात उसनी दुर्बीण, हातात पाटी. आम्ही पहिल्या वळणापर्यंत पोचलो तोवर मामा दुसऱ्या वळणावर होते, आणि त्यांच्या पुढून फडफड करत बगळे उठत होते, पाणकोंबड्या गवतात शिरत होत्या, एक निळा खंड्या बाणासारखा पाण्यावरून निघून गेला. मामांना सगळ्यांच्या शेपट्या दिसल्या. आम्हाला तेवढ्याही नाही. आम्ही पोचायचो तेव्हा हलणारं गवत आणि रिकामी फांदी.

परत आल्यावर मामांनी पाटीवर लिहिलं, "इथे काही नाही." आणि टेलिफोनबाईंना दाखवलं.

मला वाटलं, आता त्या खरमरीत काहीतरी ऐकवतील. पण त्या म्हणाल्या, "फोरमनसाहेब, चाल काय आहे हो तुमची! मला असाच खंबीर माणूस हवा होता."

मामांची छाती फुगली.

"सगळ्यांत मागे," टेलिफोनबाई म्हणाल्या. "मी पुढे असते, मागे कुणाची चप्पल तुटली, कुणाला दम लागला, मला दिसत नाही. पुढच्या शनिवारपासून तुम्ही शेवटी चालायचं. जो सगळ्यांत हळू चालेल त्याच्या मागे. त्याला ओलांडायचं नाही."

मामांनी घाईघाईनं लिहिलं, "मी पुढे बरा."

टेलिफोनबाईंनी पाटी हातात घेतली, लांब धरून वाचली, आणि परत देताना त्यांचा अंगठा वरच्या कागदाखाली गेला. अक्षरं गुल. "अरे, पुसलं की हो," त्या म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

घरी मामींना हे कळलं तेव्हा त्या पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या. "वरातीमागून घोडं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या, "हे वरातीमागून फोरमन!"

मला वाटलं होतं, मामा पुन्हा जाणार नाहीत. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि मामी घरी होत्या.

सगळ्यांत हळू चालायचे ते एक म्हातारे कंपाउंडर. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते. ते काठी टेकत चार पावलं चालायचे, थांबायचे, पाण्याकडे बघायचे, पुन्हा चार पावलं. मामा त्यांना चांगले ओळखत होते. कंपाउंडर आमच्याच मंडळीचे. पूर्वी न चुकता यायचे, नंतर यायचे बंद झाले. मामांनी त्याचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं: म्हातारा थंड पडला, भक्ती आटली.

तर आता हा वाऱ्यासारखा माणूस त्या गोगलगाईच्या मागे. मी कंपाउंडरांच्या जरा पुढे रेंगाळत मागे वळून बघत होते. मामांचे पाय जागच्या जागी थरथरत होते. हाताच्या मुठी उघडमीट होत होत्या. बाकीचे पुढे गेले, वळणाआड दिसेनासे झाले. कंपाउंडर बांधावरच्या एका सपाट दगडावर बसले आणि म्हणाले, "पाच मिनिटं. तुम्ही व्हा पुढे." मग त्यांनाच आठवलं. "हो, तुम्हाला नाही का जाता येत." आणि हसले.

मामा बसले. दुसरं काय करणार?

आणि बसल्यावर गवत शांत झालं. कुणी चालत नव्हतं, काही हलत नव्हतं. थोड्या वेळानं अगदी समोर, दगड मारला तर लागेल इतक्या जवळ, गवताच्या फटीतून एक टिबुकली बाहेर आली. टिबुकली म्हणजे मुठीएवढा पाणपक्षी, जरा चाहूल लागली की बुडी मारणारा. तिच्या पाठीवरच्या पिसांतून दोन इवली डोकी बाहेर आली होती, पट्टेरी, बोंडाएवढी. तिसरं पिल्लू पाण्यात होतं. ते धडपडत तिच्या पाठीवर चढायला बघत होतं आणि दर वेळी घसरून पडत होतं. मामांनी दुर्बीण लावली. टिबुकली पुढे गेली नाही. ती पाण्यावर नुसती तरंगत राहिली, शेपटीकडची बाजू जराशी खाली करून. पिल्लू पडलं, चढलं, पडलं. ती तशीच. शेवटी ते कसंबसं वर गेलं, पिसांत घुसलं, आणि मग ती निघाली.

मामांनी दुर्बीण खाली केली नाही. ती गवताआड गेली तरी तिकडेच बघत राहिले. पुढे गेलेल्यांपैकी कुणालाच ती दिसली नव्हती. त्यांच्या पायांचा आवाज जाईपर्यंत ती बाहेरच आली नसणार.

"बरं झालं बसलो," कंपाउंडर म्हणाले. मग त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. "फोरमन, तुम्हाला आत्ता बोलता येत नाही, म्हणून एक सांगतो. एरवी सांगितलं नसतं."

मामांनी मान वळवली.

"मी उपासनेला यायचं सोडलं नव्हतं. मला एक बस बदलून यावं लागतं. उतरल्यावर हा गुडघा. नऊ वाजून पाच मिनिटं व्हायची. पहिल्या वेळी दार बंद. म्हटलं, चुकून असेल. दुसऱ्या वेळीही बंद. आतून गाणं ऐकू येत होतं. मी पायरीवर बसलो आणि बाहेरूनच म्हटलं त्यांच्याबरोबर. वाईट नाही वाटलं, खरंच. गाणं संपल्यावर गेलो घरी. तिसऱ्या रविवारी मात्र बस पकडायचा हुरूप नाही आला."

मी मामांचा चेहरा बघत होते. बोलता येत असतं तर त्यांनी लगेच काहीतरी म्हटलं असतं. नियम सांगितला असता, शिस्त सांगितली असती, आधीची बस का नाही पकडत असं विचारलं असतं. मला ते सगळं त्यांच्या ओठांवर येताना दिसलं. पण आवाज नव्हता, आणि पाटीवर एवढं मावणार नव्हतं. ते सगळं तिथंच अडलं आणि हळूहळू विरलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं, "दाराचा नियम माझा."

"माहीत आहे," कंपाउंडर म्हणाले.

"राग?"

"होता. आता गुडघा इतका दुखतो की रागाला जागा उरत नाही. चला, उठवा मला."

मामांनी त्यांना हात दिला. परतीच्या वाटेवर त्यांचे पाय थरथरत नव्हते. ते कंपाउंडरांच्या चार पावलांना चार पावलं टाकत होते आणि ते थांबले की थांबत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी गाणाऱ्यांत असते, त्यामुळे मला पुढून सगळं दिसतं. नऊची घंटा झाली. सगळ्यांनी सवयीनं दाराकडे बघितलं, पण दार लावायला कुणी उठलं नाही, कारण दार लावणारा माणूसच जागेवर नव्हता. माना वळायला लागल्या. पहिलं गाणं झालं, प्रार्थना झाली. दार सताड उघडं, रस्त्यावरचा आवाज आत, एक कुत्रं येऊन डोकावून गेलं. तिसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्याला दारात दोन माणसं दिसली. काठी टेकत कंपाउंडर, आणि त्यांच्या मागे, एक पाऊल मागे, मामा. आदल्या दिवशी पाटीवर लिहून त्यांना यायला सांगितलं होतं आणि मामा स्वतः बसथांब्यावर जाऊन उभे राहिले होते.

फोरमन उपासनेला उशिरा! आमच्या गाणाऱ्यांपैकी अर्ध्यांचे सूर तिथंच गेले. मामी पुढच्या बाकावरून मागे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मामा कंपाउंडरांना घेऊन शेवटच्या बाकावर बसले, नर्सबाईंच्या शेजारी.

त्याच आठवड्यात वडीलमंडळाची बैठक होती. मामा पाटी घेऊन गेले. मी तेव्हा बैठकांचं इतिवृत्त लिहायचे, म्हणून मीही तिथं होते. लहान मुलांचा वर्ग कुठं भरवायचा हा प्रश्न होता आणि त्यासाठी नर्सबाईंनाही बोलावलं होतं. मुलं अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमध्ये बसतात, तिथं अंधार असतो, असं नर्सबाई सांगत होत्या. मामांनी झरझर लिहिलं आणि पाटी वर धरली.

नर्सबाईंनी मोठ्यानं वाचलं, "मी करतो."

आणि खोलीतली बोलणी बंद झाली. कुणी रागावलं नव्हतं. नुसती बंद झाली, दिवे गेल्यासारखी. एकानं चहाचा कप जवळ ओढला, एकानं घड्याळ बघितलं. नर्सबाई खुर्चीत मागे टेकल्या. हे आधीही दर बैठकीत व्हायचं, मी पाहिलं होतं. पण तेव्हा मामा बोलत असायचे, त्यांच्या आवाजाखाली ती शांतता त्यांना ऐकू येत नसे. आज ऐकू आली. त्यांनी पाटीवरचे आपलेच दोन शब्द वाचले, मग एकेका माणसाकडे बघितलं. मग वरचा कागद उचलला. अक्षरं गेली.

त्यांनी पुन्हा लिहिलं. "कोण करील?"

नर्सबाईंनी वाचलं. कुणीच बोलेना. मला वाटलं, आता मामा उठतात. त्यांची मूठ टेबलाखाली उघडमीट होत होती, मला दिसत होती. पण ते बसून राहिले, बांधावरच्या त्या दगडावर बसल्यासारखे. शेवटी, जे गृहस्थ दोन वर्षं फक्त होकारार्थी मान हलवत आले होते ते म्हणाले, "माझ्या दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे. खिडक्या दोन्ही बाजूंनी आहेत. रंग द्यावा लागेल."

"रंगाचं मी बघते," नर्सबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "वर्गाचंही बघते. पण वेळ मी ठरवणार."

मामांनी खिशातून कपाटाच्या त्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. बैठकीला येताना त्या घेऊन आले होते, म्हणजे आधीच काहीतरी ठरवलं असणार. तरीही "मी करतो" लिहून बसलेच. सवय म्हणजे काय असते बघा.

म्हणूनच सांगते, माणूस एका टिबुकलीनं बदलला असं कुणी समजू नये. काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी बोलायला परवानगी दिली. आवाज जरा खर्जातला आला, पण आला. आणि पुढच्याच बैठकीत मामा सुरू झाले. दारापाशी दिवा कुठला लावायचा यावर त्यांनी एक प्रस्ताव मांडला, त्याला स्वतःच अनुमोदन दिलं आणि तिसऱ्या वाक्याला तो मंजूरही करून टाकला. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "मामा, पाटी कुठंय?"

सगळे हसले. मामांना हसू यायला जरा वेळ लागला, पण आलं. त्या दिवसापासून मंडळीत ते एक वाक्यच होऊन बसलं. मामांचा घोडा उधळला की कुणीतरी पाटीची चौकशी करायचं. एकदा तर मामींनीही केली, भर जेवणात.

शनिवारी ते तलावावर जातच राहिले. टेलिफोनबाईंनी त्यांना दोन-तीनदा विचारलं, आता पुढे चालता का म्हणून. ते म्हणाले, "नको, मागूनच बरं दिसतं." पक्ष्यांच्या बाबतीत ते फार हुशार झाले असं मात्र नाही. पाणकावळा आणि साधा कावळा यांत त्यांचा अजूनही गोंधळ होतो. पण कोण दमलंय, कुणाची दुर्बीण धूसर आहे आणि तो लाजेनं सांगत नाही, कोण घरी काहीतरी झाल्यामुळे आज गप्प आहे, हे त्यांना मागून अचूक कळायला लागलं. तीच नजर हळूहळू रविवारीही यायला लागली. कुठलं बाक रिकामं आहे, त्यावर कोण बसायचं, ते आलं नाही तर का आलं नाही. पूर्वी आजाऱ्यांच्या भेटी ते एका दुपारी उरकायचे. आता एकाच घरी जायचे, आणि चहा गार होईपर्यंत बसायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी उपदेश करायला येणारे पाहुणे आजारी पडले आणि ऐनवेळी मामांना उभं राहावं लागलं. पूर्वीचे मामा असते तर तासभर सोडलं नसतं. त्या दिवशी जेमतेम दहा मिनिटं बोलले, आणि इतकं हळू की मागच्या बाकावरच्यांना पुढे सरकून बसावं लागलं.

त्यांनी बायबलातल्या याकोबाची गोष्ट सांगितली. मोठी मोठी स्वप्नं पडली ती नाही, शिडी वगैरे नाही. वीस वर्षांनी भाऊ एसाव भेटतो, गळ्यात पडतो, आणि म्हणतो, चल, आता बरोबरच जाऊ, मी पुढे चालतो. एसावाबरोबर चारशे गडी, तयारीचे. आणि याकोब म्हणतो, दादा, तू हो पुढे. माझी पोरं लहान आहेत, मेंढ्या दूध पाजणाऱ्या आहेत. एक दिवस जरी जास्त हाकलल्या तरी मरतील. मी आपला त्यांच्या चालीनं येतो.

"मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय," मामा म्हणाले. "मला कायम वाटायचं, याकोब सबब सांगतोय. भित्रा आहे, म्हणून मागे राहतोय. असेलही थोडा भित्रा. पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, की कळपाची चाल पुढच्या मेंढ्यावर ठरत नाही. मला वाटायचं, आपला प्रभू पुढे चालतो म्हणजे भराभर चालतो. त्याला तर वाटेत कुणीही थांबवायचं. आंधळा हाक मारायचा, बाई त्याच्या वस्त्राचा काठ धरायची, पोरं अंगावर यायची. आणि तो थांबायचा. सगळीकडे त्याला उशीरच झालाय, बघा. मी त्याच्या घरी दाराशी घड्याळ घेऊन उभा होतो."

त्यांनी एकदा खाकरून घसा साफ केला, "एवढंच," म्हणाले आणि खाली बसले. कंपाउंडर मागून जरा मोठ्यानं "आमेन" म्हणाले. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आपला आवाज किती मोठा झाला ते त्यांना कळलं नाही.

वडीलमंडळाची मुदत संपली तेव्हा सगळ्यांना वाटलं, मामा पुन्हा उभे राहतील. आता कुठं त्यांच्याबरोबर काम करायला मजा येत होती. पण त्यांनी नर्सबाईंचं नाव सुचवलं. आमच्या मंडळीत त्याआधी बाई कधी मुख्य वडील झाली नव्हती. थोडी कुरबुर झाली. "वडील" शब्दाचं आता काय करायचं, असा एक विद्वान प्रश्नही आला. मामा म्हणाले, "शब्दाचं बघू नंतर, आधी माणूस बघा." नर्सबाई निवडून आल्या.

आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी बाकं हलवली. वर्षानुवर्षं सरळ रांगांत असलेली बाकं त्यांनी अर्धवर्तुळात लावली, म्हणजे लोकांना एकमेकांची तोंडं दिसतील. मामांनी आयुष्यभर फर्मे काटकोनात जुळवले होते. वाकडी रांग बघितली की त्यांचा हात आपोआप ती सरळ करायला जातो. ते दारात उभे राहून बराच वेळ बघत होते.

"कसं वाटतं, मामा?" नर्सबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा धास्ती होती, मला जाणवली.

"मला नाही आवडलं," मामा म्हणाले. "पण दोन-चार रविवार बसून बघतो."

बसून बघितलं. घरी जेवताना मामींनी विचारलं, "काय मग? आवडलं का आता?"

"छे! दोन ओळी डोळ्यांसमोर सरळ राहत नाहीत. गाणं म्हणताना समोर तो विम्याचा माणूस जांभई देताना दिसतो."

"मग सांगा की तिला. तुमचं ऐकेल ती."

"ऐकेल," मामा म्हणाले, "म्हणूनच नाही सांगत." आणि भाताचा घास घेतला.

आजही त्यांना ती बाकं आवडत नाहीत. शनिवारी संध्याकाळी झाडलोट झाली की बाकं पुन्हा गोलात लावावी लागतात, जड असतात, चौघांचं काम आहे. पहिलं टोक धरायला मामा असतात. वय झालंय, मामी ओरडतात. मामा बाक नीट बसेपर्यंत खाली वाकून बघतात, एक डोळा मिटून, आणि गोल बरोबर आला नसेल तर पुन्हा उचलायला लावतात.